गोळी झाडल्यानंतरचा माणूस

पहिल्याच भागात नायक गोळी खाऊन रस्त्यात आडवा होतो. तारीख १० सप्टेंबर १९५५, शनिवारची रात्र. अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर आधी जॉन वेन येतो, वेस्टर्न, म्हणजे काउबॉय आणि बंदुकांच्या, सिनेमाचा त्या काळातला सगळ्यात मोठा नट. ‘गनस्मोक’ ही मालिका खरीखुरी आहे, मोठ्या माणसांसाठी आहे, असं तो सांगतो. यातला उंच तरुण माझा मित्र आहे, त्याची सवय करून घ्या, असंही सांगतो. मग गोष्ट सुरू होते. डॅन ग्रॅट नावाचा एक खुनी कॅन्ससमधल्या डॉज सिटीत येतो. गावात कायदा राखणारा मार्शल मॅट डिलन त्याला पकडायला पुढे होतो. ग्रॅटचा हात आधी उठतो आणि मार्शल कोसळतो.

वीस वर्षं चाललेल्या मालिकेची ही सुरुवात! गावचा डॉक्टर, डॉक ॲडम्स, त्याला कसाबसा वाचवतो. खाटेवर पडल्या पडल्या मॅट एकाच गोष्टीचा विचार करत राहतो: हा माणूस इतक्यांना मारतो कसा? हळूहळू त्याच्या ध्यानात येतं की ग्रॅट दर वेळी अगदी जवळ येतो आणि मगच बंदूक काढतो. हात झपाट्याचा आहे, पण लांबून नेम लागत नाही. पुन्हा गाठ पडते तेव्हा मॅट त्याला जवळ येऊच देत नाही. वेगात तो दुसऱ्या वेळीही कमीच असतो. जिंकतो तो नीट पाहिल्यामुळे, आणि एकदा मरता मरता वाचल्यामुळे.

मी कॅन्सस राज्यात, विचिटाला राहते. इथे येण्याआधी ‘गनस्मोक’ हे नाव माझ्या कानावर आलेलं नव्हतं. शेजारच्या आजींनी सगळी नोकरी विमानांच्या कारखान्यात केली. आता दुपारी त्या टीव्हीसमोर बसतात तेव्हा हीच मालिका लागलेली असते. जुन्या मालिका दाखवणाऱ्या वाहिन्यांवर तिचे भाग अजून येतात. आजींच्या लहानपणी ती इथे शनिवारी रात्री नऊला लागायची, आणि एरवी आठलाच अंथरुणात जाणाऱ्या पोरांना त्या रात्री जागायची परवानगी असायची. आधी मी नुसती सोबत म्हणून त्यांच्याजवळ बसायचे. पुढे रेडिओवरचे जुने भाग ऐकायला मिळाले आणि मी या मालिकेत पुरती अडकले.

कारण ‘गनस्मोक’ मुळात रेडिओची. २६ एप्रिल १९५२ ला ती सुरू झाली. दिग्दर्शक नॉर्मन मॅकडोनेल आणि लेखक जॉन मेस्टन या दोघांनी ती उभी केली. त्या वेळी रेडिओवर वेस्टर्न म्हणजे मुलांचा खाऊ: पांढऱ्या घोड्यावरचा शूर वीर, शेवटी पकडला जाणारा बदमाश, मध्ये नाश्त्याच्या जाहिराती. या दोघांना मोठ्यांसाठी काहीतरी करायचं होतं. मेस्टन कोलोरॅडोचा, गुराखी आणि रँच लहानपणापासून पाहिलेला. सीबीएसमध्ये तो आधी संहितांवर कात्री चालवणाऱ्या खात्यात होता. रेडिओवर काय चालतं आणि काय चालत नाही हे ज्याला सगळ्यात नीट ठाऊक, त्यानेच सगळ्यात कठोर गोष्टी लिहिल्या. त्याच्या गोष्टींत दुष्काळाने करपलेली शेतं आहेत. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायका आहेत. दारूच्या नशेत मित्राला मारून बसलेली पोरं आहेत. सूड घेऊन झाल्यावर रिकामे झालेले म्हातारे आहेत. किती तरी गोष्टींत मॅट उशिरा पोहोचतो. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, आणि मार्शलच्या हातात फक्त प्रेत उचलण्याचं काम उरतं.

रेडिओवरचा मॅट म्हणजे विल्यम कॉनरॅड. काय आवाज होता! खोल, थकलेला, आणि रागावला की आणखी खाली उतरणारा. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तो स्वतःची ओळख करून द्यायचा. त्यात मार्शलच्या नोकरीबद्दल दोन-तीन वाक्यं असत: गावात शिरणारे पहिल्यांदा याच माणसाला शोधतात, आणि गाठ मात्र त्याच्याशी कुणालाच नको असते. जोखमीचं काम, माणसाला सावध करणारं आणि थोडं एकटं पाडणारं. त्या “थोडं एकटं”वर कॉनरॅड अजिबात जोर देत नाही. सांगून टाकतो आणि पुढे जातो.

हे भाग रात्री दिवा मालवून, कानाला हेडफोन लावून ऐकावेत. रे केम्पर आणि टॉम हॅन्ली हे ध्वनी देणारे लोक तेवढ्याच तोलाचे कलावंत होते. लाकडी फळ्यांच्या फुटपाथवर बुटांचे आवाज येतात, त्यातली टाचेवरच्या स्पर्सची बारीक किणकिण वेगळी ऐकू येते. दूर कुठे तरी कुत्रं भुंकतं. खोगिराचं कातडं करकरतं. मॅट कचेरीतून निघून रस्ता ओलांडतो तेव्हा बराच वेळ नुसती पावलंच ऐकू येतात. कुणी बोलत नाही, संगीत नाही, आणि त्या पावलांवरून आपल्याला कळतं की त्याला पलीकडे जायचं नाहीये. मग गोळी वाजते. गोळीनंतर बऱ्याचदा काहीच येत नाही. घोडा फुरफुरतो, कुणी तरी धावत येतं, आणि मॅट त्याच्या मदतनिसाला एवढंच म्हणतो, “चेस्टर, डॉकला बोलाव.”

‘द केबिन’ हा रेडिओवरचा भाग मी कुणालाही पहिल्यांदा ऐकवते. हिमवादळात वाट चुकलेला मॅट एका झोपडीशी पोहोचतो. आत दोन गुंड आहेत आणि बेल नावाची मुलगी आहे. तिच्या बापाला मारून त्यांनी घर ताब्यात घेतलंय आणि तिला डांबून ठेवलंय. तिच्यावर काय गुदरलंय ते १९५२ सालच्या रेडिओवर उघड बोलता येत नव्हतं. मेस्टन ते एकदाही बोलत नाही, आणि तरी ऐकणाऱ्याला सगळं कळतं. दोघे गुंड मरतात, मुलगी सुटते. एरवीची वेस्टर्न इथे संपली असती. इथे मात्र सकाळी निरोप घेताना मॅट तिला सांगतो की या सगळ्याने कडवट होऊ नकोस, जगात चांगले पुरुषही पुष्कळ आहेत. ती म्हणते, लोक म्हणतात खरं तसं. बस्स, भाग संपला. हे ऐकल्यावर मी बराच वेळ दुसरं काही लावू शकले नव्हते. मुलगी सुटली म्हणून सगळं ठीक झालं, असं सांगण्याचा मोह त्या लेखकाला झाला नाही, याबद्दल मला त्याचे पाय धरावेसे वाटतात.

टीव्हीवर जायची वेळ आली तेव्हा रेडिओच्या मंडळींवर अन्यायच झाला. कॉनरॅड अंगाने स्थूल होता, आणि घोड्यावरचा मार्शल तसा चालणार नाही असं वरच्यांनी ठरवलं. चेस्टर झालेला पार्ली बेअर, डॉक झालेला हॉवर्ड मॅकनिअर, सलूनमधली, म्हणजे दारूच्या गुत्त्यातली, किटी झालेली जॉर्जिया एलिस, सगळ्यांनाच डावललं गेलं. त्यांनी तीन वर्षांत घडवलेली माणसं दुसऱ्यांच्या हाती गेली. तरी रेडिओची मालिका १९६१ पर्यंत चालू राहिली. म्हणजे जवळजवळ सहा वर्षं अमेरिकेत दोन मॅट डिलन एकाच वेळी काम करत होते, एक ऐकायचा आणि एक पाहायचा.

पाहायचा तो जेम्स आर्नेस. सहा फूट सात इंच उंच, मूळचा मिनिआपोलिसचा. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली इटलीत ॲन्झिओच्या किनाऱ्यावर जे सैन्य उतरलं, त्यात तो होता. पाणी किती खोल आहे ते कळावं म्हणून बोटीतून सगळ्यात आधी त्याला उतरवलं, कारण तो सगळ्यांत उंच. काही दिवसांनी त्याच्या उजव्या पायात गोळ्या शिरल्या. पाय वाचला, पण आयुष्यभर दुखत राहिला, आणि वय वाढलं तसं घोड्यावर चढणं-उतरणं त्याला फार जड जाऊ लागलं.

त्याच्याच शेजारी चेस्टर, ताठ पायाने लंगडत चालणारा. ते काम करणारा डेनिस वीव्हर तर धावपटू! १९४८ च्या ऑलिंपिकसाठी डेकॅथलॉन या दहा खेळांच्या प्रकाराच्या निवड-स्पर्धेत तो सहावा आला होता. मार्शलच्या मदतनिसाकडे बंदूक का नाही, तो मारामारीत पुढे का होत नाही, याला काही कारण हवं म्हणून निर्मात्याला त्याच्यात काही व्यंग असावं असं वाटलं, आणि वीव्हरने तो ताठ पाय शोधला. गुडघा न वाकवता घोड्यावर चढायचं, शेकोटीशी बसायचं, बूट घालायचे, हे सगळं त्याने नऊ वर्षं निभावलं. चांगल्या पायाचा माणूस लंगडत होता, आणि ज्याचा पाय खरोखर दुखायचा तो सरळ चालत होता. हे कळल्यापासून त्या दोघांना एका चौकटीत पाहताना माझं लक्ष पायांकडेच जातं. वीव्हरला या भूमिकेसाठी १९५९ साली एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाली. पुढे कळलेली एक गोष्ट मला आपली वाटली. हा माणूस परमहंस योगानंदांच्या संस्थेचा अनुयायी होता, शाकाहारी होता, आणि लॉस एंजेलिसजवळच्या त्यांच्या आश्रमात प्रवचनंही करायचा.

टीव्हीचे पहिले हंगाम अर्ध्या तासाचे, काळे-पांढरे. बऱ्याच भागांच्या सुरुवातीला मॅट गावाबाहेरच्या टेकडीवरच्या स्मशानात, बूट हिलवर, फिरताना दिसतो. थडग्यांवरच्या फळ्यांकडे पाहत मनाशी बोलत असतो. यातल्या काहींना त्यानेच इथे आणलेलं आहे. मालिकेचा नायक दर आठवड्याला आपण मारलेल्या माणसांमधून चालत गोष्टीत शिरतो, ही कल्पना मला आजही धाडसाची वाटते.

आणि आता ‘ब्लडी हँड्स’बद्दल. १९५७ च्या फेब्रुवारीतला भाग, लेखक अर्थातच मेस्टन. चार दरोडेखोर एकत्र असतात. मॅट त्यांना गाठतो, आणि क्षणात तिघं मरून पडतात. चौथा, ब्रँड, हात वर करतो. वाटेत आणि नंतर कोठडीत ब्रँड त्याला खुनी म्हणून डिवचत राहतो. मॅट उत्तर देत नाही. पण रात्री त्याला झोप येत नाही. आर्नेसचा चेहरा या भागात पाहण्यासारखा आहे. एरवी दगडासारखा स्थिर असणारा हा माणूस हातांकडे पाहतो आणि हात कुठे ठेवावेत हेच त्याला कळत नाही. शेवटी तो राजीनामा देतो. बिल्ला उतरवतो, बंदुकीचा पट्टा उतरवतो, आणि म्हणतो की आता माझ्याने कुणाला मारणं होणार नाही.

मग काही दिवस सुखाचे जातात. किटीबरोबर नदीकाठी बसलाय, गळ टाकलाय, कंबरेला ओझं नाही. किती हलका दिसतो तो! किटीलाही वाटतं, आता हा माणूस आपला झाला. आणि तेवढ्यात चेस्टर येतो. गावात स्टँगर नावाच्या माणसाने किटीच्या लाँग ब्रँच सलूनमधल्या एका मुलीला जिवे मारलंय. चेस्टर मॅटला चला म्हणत नाही. त्याने स्वतः कंबरेला बंदूक बांधलेली आहे. लंगड्या पायाचा, एरवी बंदूक न बांधणारा चेस्टर सांगतो की कुणीतरी हे केलंच पाहिजे, मला जमलं असतं तर मी केलं असतं, पण मला ते जमणार नाही हे मला माहीत आहे. तरी मी निघालोय. तो गेला तर मरणार हे तिघांनाही दिसतं. मॅट काही क्षण गप्प उभा राहतो. किटी पाहत राहते. मग तो चेस्टरकडे हात पुढे करतो आणि पट्टा मागून घेतो.

मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला आहे. यात विजय नाही. मॅटला त्याचं काम परत मिळतं, पण आपल्याला आनंद होत नाही. एका चांगल्या माणसाचं सुख आपल्यासमोर संपलेलं असतं. बंदूक चालवणं वाईटच, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्या रात्री जे कळलं ते नदीकाठी तो विसरलेला नाही. ते ठाऊक असूनही तो पट्टा बांधतो, कारण नाही बांधला तर चेस्टर मरेल आणि उद्या आणखी एखादी मुलगी मरेल. हिंसेचा तिटकारा असलेल्या माणसाच्याच हाती ती सोपवलेली बरी, आणि त्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते, हे इतकं उघड सांगणारी गोष्ट मी पडद्यावर फारशी पाहिलेली नाही. आपल्याकडे पोलिसाने चार गुंड उडवले की चित्रपटगृहात शिट्ट्या वाजतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोलीस चहा पिताना हाताकडे कसा पाहतो, ते कुणी दाखवत नाही.

खऱ्या डॉज सिटीचा इतिहास वाचला तेव्हा मेस्टनबद्दलचा आदर वाढला. गाव वसलं १८७२ साली, पाच मैलांवरच्या फोर्ट डॉज या लष्करी छावणीच्या आधाराने. त्याच वर्षी सॅन्टा फे कंपनीचा रेल्वेमार्ग तिथे पोहोचला. आधी धंदा म्हशींच्या कातड्यांचा, म्हणजे बायसनच्या. स्टेशनाजवळ कातड्यांच्या थप्प्या घराएवढ्या उंच लागायच्या, आणि काही वर्षांत दक्षिण कॅन्ससच्या माळावर एकही कळप उरला नाही. मग टेक्सासहून लांब शिंगांच्या गुरांचे कळप यायला लागले, आणि त्यांच्याबरोबर महिनोन्महिने धूळ खाल्लेले, हातात एकदम पगार आलेले तरुण काउबॉय. हा व्यापार जेमतेम दहा वर्षं टिकला. टेक्सासच्या गुरांवरच्या गोचिडांमुळे इथली गुरं तापाने मरू लागली, शेतकऱ्यांनी आरडाओरडा केला, आणि १८८५ साली कॅन्ससच्या विधिमंडळाने टेक्सासच्या गुरांना राज्याची दारं बंद केली. गोळ्यांनी न संपलेली डॉजची कहाणी गोचिडांनी संपवली.

त्या दहा वर्षांत रोज मुडदे पडत होते अशी आपली समजूत असते. रॉबर्ट डिक्स्ट्रा या इतिहासकाराने कॅन्ससच्या पाच गुरांच्या गावांतले १८७० ते १८८५ या काळातले खून मोजले. ॲबिलीन, एल्सवर्थ, विचिटा, डॉज सिटी आणि काल्डवेल, सगळे मिळून पंचेचाळीस. याचं एक मोठं कारण म्हणजे गावात बंदूक बाळगायला मनाई होती. डॉजच्या फ्रंट स्ट्रीटचा १८७० च्या दशकाच्या शेवटाचा एक फोटो आहे. त्यात रस्त्याच्या मधोमध फलक उभा आहे: शस्त्र बाळगण्यास सक्त मनाई. काउबॉयांनी गावात येताना बंदुका जमा करायच्या आणि जाताना घेऊन जायच्या. ज्या काळाच्या नावाने आज बंदुकीचा हक्क मागितला जातो, त्या काळाच्या सगळ्यात बदनाम गावाचा कायदा हा असा होता.

तो कायदा राबवणाऱ्यांचं काय होत असे, ते एड मास्टरसनच्या मरणावरून कळतं. एड हा डॉजचा मार्शल, नावाजलेला शेरीफ बॅट मास्टरसन याचा थोरला भाऊ, स्वभावाने मवाळ. ९ एप्रिल १८७८ च्या रात्री त्याने एका दारू प्यालेल्या काउबॉयची बंदूक काढून घेतली आणि त्याच्याच मुकादमाकडे दिली. बाहेर येऊन पाहतो तर त्या माणसाकडे पुन्हा बंदूक. झटापट झाली, आणि गोळी इतक्या जवळून लागली की एडच्या कोटाने पेट घेतला. तशाच जळत्या कोटाने तो रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडे चालत गेला आणि तिथे पडला. पंचवीस वर्षांचा होता. तो पकडायला गेला होता, मारायला नाही. मॅट डिलन हा काल्पनिक आहे. केंद्र सरकारचा मार्शल एकाच गावात ठाण मांडून बसतो हेही खरं नव्हतं. तिथे गावाचा मार्शल वेगळा, काउंटीचा शेरीफ वेगळा. पण त्याच्या डोळ्यांतली ती सावधगिरी एड मास्टरसनच्या गावातलीच आहे.

किटी रसेलबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. अमांडा ब्लेकने ती १९ हंगाम केली. लाँग ब्रँच सलून आधी तिची नोकरीची जागा होती, मग भागीदारीची, मग जवळजवळ तिचीच. रेडिओवर तिचा व्यवसाय काय ते ऐकणाऱ्याला कळायचं. टीव्हीने त्यावर पांघरूण घातलं, पण अमांडा ब्लेकच्या नजरेत ते उरलं होतं. किटी आणि मॅट यांचं लग्न कधी झालं नाही. वीस वर्षांत तो तिला प्रेमाने चार शब्द बोलल्याचंही क्वचितच आठवतं. आजी म्हणतात, त्यांच्या आईला याचा भयंकर राग यायचा. मला मात्र किटी कुणाची वाट पाहत थांबलेली बाई वाटत नाही. ती धंदा सांभाळते, हिशेब ठेवते, गुंडाला दार दाखवते, आणि मॅट निघाला की “जपून” एवढंच म्हणते. ती हा शब्द दर वेळी वेगळा म्हणते. कधी रागाने, कधी कंटाळून, कधी घाबरून. रात्री सलूनमध्ये मॅट, डॉक, चेस्टर आणि ती एका टेबलाशी बसतात तेव्हा आपल्या गावच्या पारावरच्या गप्पांसारखं वाटतं. विषय फुटकळ, कॉफी वाईट, डॉकची कुरकुर. माझ्या मते मालिकेचा खरा जीव त्या टेबलाशी आहे. ज्याला बंदूक वागवायची आहे त्याला रोज रात्री असं एक टेबल लागतं, हे मेस्टन आणि मॅकडोनेल जाणून होते.

डॉक झालेला मिलबर्न स्टोन तर कॅन्ससचाच. कान चोळत, मिशीवरून हात फिरवत तो जे बोलतो त्यात इथल्या म्हाताऱ्यांची बोली अजून ऐकू येते. त्याला १९६८ साली एमी मिळाली.

१९६१ नंतर भाग तासाभराचे झाले. माझं मत स्पष्ट आहे: अर्ध्या तासाचे २३३ भाग हीच खरी ‘गनस्मोक’. मेस्टनची गोष्ट चाकूसारखी असायची. तासाच्या भागात तिला पाणी लागलं. १९६४ साली वीव्हर गेला, आणि चेस्टर मालिकेतून गुपचूप नाहीसा झाला. निरोप नाही, कारण नाही. ज्याने नदीकाठी येऊन मॅटला परत आणलं त्याला निरोपाचं एक वाक्यही मिळू नये, हे मला आजही लागतं. त्याच्या जागी केन कर्टिसचा फेस्टस आला, अडाणी, तोंडाळ, खेचरावर बसणारा. लोकांना तो अतिशय आवडला. डॉकशी त्याची भांडणं झकास रंगतात, पण चेस्टरच्या डोळ्यांतली काळजी त्याच्याकडे नाही.

१९६६ पासून भाग रंगीत झाले. १९६७ साली तर मालिका बंद करायचं ठरलं होतं. सीबीएसचे प्रमुख विल्यम पेली यांनी तो निर्णय फिरवला. मालिका शनिवारवरून सोमवारी गेली, तिच्यासाठी ‘गिलिगन्स आयलंड’ या विनोदी मालिकेचा बळी गेला, आणि ‘गनस्मोक’ आणखी आठ वर्षं चालली. नंतरच्या रंगीत भागांतही मधूनच एखादा जुन्या धारेचा भाग लागतो, म्हणून मी ते टाळत नाही.

एक उणीव मात्र सांगायला हवी. टेक्सासहून गुरं हाकत येणाऱ्या खऱ्या काउबॉयांमध्ये कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसं मोठ्या संख्येने होती. मालिकेच्या डॉजमध्ये ती जवळजवळ दिसतच नाहीत. ज्यांची ही भूमी होती त्या शायेन, कायोवा, कोमांची लोकांबद्दल मेस्टनने काही गोष्टी मनापासून सहानुभूतीने लिहिल्या. पुढे बर्ट रेनॉल्ड्सने क्विंट हा अर्धा कोमांची लोहार तीन वर्षं केला. तरी त्यांची बाजू त्यांच्याच तोंडून क्वचितच येते. गोळीची किंमत इतक्या बारकाईने मोजणाऱ्या मालिकेने हा हिशेब अर्धा ठेवला.

विचिटाहून डॉजला जाताना रस्ता पश्चिमेला सरळ धावतो. किंगमन, प्रॅट, मग ग्रीन्सबर्ग, जे २००७ च्या टोर्नेडोत, भोवऱ्यासारख्या वादळात, जवळजवळ पुसलं गेलं आणि पुन्हा बांधलं. दोन्ही बाजूंना गहू, ज्वारी आणि पवनचक्क्या. ज्वारीची ताटं पाहून मराठी माणसाचा जीव थोडा हलतोच. गाव जवळ आलं की फीडलॉटमधल्या, म्हणजे मांसासाठी गुरं पोसायच्या वाड्यांमधल्या, हजारो गुरांचा वास आधी येतो. डॉज आजही गुरांवरच जगतं. दोन मोठे मांस-कारखाने आहेत, आणि गावातली निम्म्याहून अधिक माणसं आता हिस्पॅनिक आहेत, त्यातली बरीच त्या कारखान्यांत राबणारी. दुकानांच्या पाट्या स्पॅनिश. मालिकेने ज्या मेक्सिकन माणसांना जागा दिली नाही, तीच आज हे गाव चालवतात, हे पाहून मला बरं वाटलं. बूट हिलच्या जागी संग्रहालय आहे, समोर फ्रंट स्ट्रीटची प्रतिकृती. आर्कान्सा नदी बहुतेक काळ कोरडी असते. वरच्या भागात शेतीसाठी पाणी उचललं जातं आणि जमिनीतलंही आटत चाललंय. पुलावरून मी खाली पाहिलं तेव्हा पात्रात वाळू आणि झुडपं होती. तिथे गळ टाकायला आता पाणी नाही.

मालिकेला शेवटचा भाग असा नाहीच. ३१ मार्च १९७५ ला जो ६३५ वा भाग लागला, तो एका कुळवाडी कुटुंबाची साधी गोष्ट आहे. तो शेवटचा ठरेल हे करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मालिका बंद झाल्याचं आर्नेसला आणि इतरांना नंतर कळलं. किटी तर त्याआधीच्या वर्षीच गेली होती. १९८७ पासून आर्नेसने काही टीव्हीपट केले, त्यातल्या पहिल्यात अमांडा ब्लेकही होती, पण निरोपाचा भाग तेव्हाही झाला नाही. अमेरिकेतल्या रात्रीच्या कथामालिकांमधला भागसंख्येचा विक्रम २०१८ साली ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेने मोडला तेव्हा आजी दिवसभर फुरंगटून होत्या. मी त्यांना म्हटलं की कार्टूनमधल्या माणसांचे पाय दुखत नाहीत. ते त्यांना पटलं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी टीव्हीपासून करू नये. आधी रेडिओवरचे १९५२-५३ चे भाग घ्या. ‘द केबिन’ पहिला ऐका. कॉनरॅडचा आवाज कानात मुरला की मग टीव्हीचे पहिले दोन-तीन हंगाम पाहा, आणि ‘ब्लडी हँड्स’ पाहताना कुणाशी बोलू नका.